अठ्ठेचाळिसावा खण

मित्रांनो, मी एक जुनी खणांची पेटी आहे. तुमच्या शाळेच्या वाचनालयात खिडकीखालच्या बाकावर, गुंडाळलेल्या नकाशांशेजारी, मी असते. आडवे आठ खण, उभे सहा, एकूण अठ्ठेचाळीस. तुम्ही माझ्यात खडूचे तुकडे टाकता, टाचण्या टाकता, टोपण हरवलेली पेने टाकता. एकदा तर कोणीतरी अर्धे बिस्कीट ठेवले होते आणि मुंग्यांनी आठवडाभर जत्रा भरवली. मी काही बोलले नाही. पेटीने सांभाळावे, बोलू नये, असे माझे वळण.

पण परवा तुमच्यातल्या एकीने मला धुळीसकट उचलले आणि विचारले, "बाई, ही टाकून द्यायची का?" बाई पुस्तकांवर क्रमांक घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असू दे."

ते दोन शब्द मी फार वर्षांनी ऐकले. माझ्या आयुष्याची सगळी गोष्ट त्या दोन शब्दांत आहे. म्हणून आज वळण मोडून बोलते.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. पूर्वजन्मी मी दार होते. ते दार उतरवल्यावर मिस्त्रींनी त्याच्या पातळ फळ्या काढल्या, त्यांना खाचा पाडल्या, आणि फळीत फळी सरकवून मला उभे केले. एकही खिळा नाही. आजही मला उलटी करून पाहा, खिळा सापडणार नाही. मात्र मोजताना मिस्त्रींचे काहीतरी चुकले आणि उजव्या हाताचा अगदी खालचा खण इतरांपेक्षा दोन बोटे रुंद झाला.

मला बनवून घेतले होते ते बटणांच्या दुकानासाठी. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळी आळी आत्या म्हणे. आत्यांनी मला पाहिले, बोटांनी खण मापले आणि म्हणाल्या, "काय हो मिस्त्री, शेवटी हात सैल पडला वाटतं?"

"आत्याबाई," मिस्त्री म्हणाले, "सगळ्यांना मापाची जागा केली. उरल्यासुरल्याला जरा ऐसपैस नको?"

आत्या हसल्या आणि मी दुकानात आले.

आत्यांना खरोखर आत्या म्हणण्याचा हक्क असलेली एकच मुलगी होती. त्यांच्या भावाची लेक. सहासात वर्षांची असेल. शाळा सुटली की ती दुकानात येई, स्टुलावर बसे आणि बटणे निवडी. दोन भोकांची, चार भोकांची, शिंपल्याची, हाडाची, पितळेची, कापडाने मढवलेली. तिच्या बोटांना डोळे होते. पण एखादे बटण असे निघे की ते कुठल्याच खणात बसत नसे. ती ते हातात धरून नुसती बसून राही.

"कळत नाही का? मग तिथं टाक." आत्या रुंद खणाकडे बोट दाखवीत. त्या खणावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवली होती: असू दे.

एकदा कंटाळून पोरीने तसले एक बटण सरळ हाडाच्या खणात टाकले. आत्यांनी ते पाहिले. रागावल्या नाहीत. त्यांनी तो अख्खा खण तिच्यापुढे पालथा केला आणि म्हणाल्या, "शोध आता." तिला तासभर लागला. मग आत्या म्हणाल्या, "चुकीच्या खणात पडलेलं बटण हरवल्यात जमा. 'असू दे'मधलं बटण निदान आपल्याला ठाऊक असतं की ते ठाऊक नाही."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ती पोरही ते लक्षात ठेवून होती. फक्त एकदा विसरली.

मोजण्याचे वेड तिला तिथेच लागले. लोक एक तुटलेले बटण घेऊन येत, "याच्या जोडीचं द्या" म्हणत. ती विचारी, कितवे तुटले? दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक रेघ मारी. वर्षाच्या शेवटी तिने रेघा मोजल्या आणि आत्यांना मोठ्या ऐटीत सांगितले, "पुरुषांच्या सदऱ्याचं सगळ्यात जास्त तुटणारं बटण वरून चौथं. पोटावरचं."

"त्याला वर्षभर रेघा कशाला हव्यात?" आत्या म्हणाल्या. "पोटं बघायची की."

पण दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी चौथ्या बटणाचा साठा दुप्पट केला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ती मुलगी मोठी झाली आणि गावच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कारकून म्हणून लागली. त्या कार्यालयातली ती पहिली बाई. आत्या तेव्हा थकल्या होत्या. दुकान बंद करताना त्यांनी मला पुसून भाचीच्या हवाली केले. "बटणं संपली," म्हणाल्या, "खण संपले नाहीत."

मला काखोटीला मारून ती कार्यालयात शिरली, तेव्हा हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, इथं बटणं विकणार का?"

त्या दिवसापासून तिचे नाव बटणबाई पडले. आधी चिडवायला, मग सवयीने, आणि पुढे पुढे आदराने. मीही आता तिला बटणबाईच म्हणेन, आणि अहोजाहो करीन. त्यांनी तो मान मिळवला होता.

त्या कार्यालयात भिंतभर नोंदवह्या होत्या. कोण कधी जन्मले, कोण कधी कशाने गेले, सगळे सुवाच्य अक्षरात लिहिलेले. लिहीत सगळे, वाचत कोणी नसे. बटणबाईंनी काय केले, प्रत्येक नोंदीची एक चिठ्ठी बनवली. एक माणूस, एक चिठ्ठी. मग त्या चिठ्ठ्या माझ्या खणांत वाटल्या. आज गल्लीप्रमाणे, उद्या वयाप्रमाणे, परवा कारणाप्रमाणे. वहीतली नोंद जागची हलत नाही, पण चिठ्ठी हलते. एवढीच युक्ती. आज तुम्हाला ती साधी वाटेल. तेव्हा आमच्या गावात ती कोणाला सुचली नव्हती.

तिसऱ्याच महिन्यात माझा एक खण इतका भरला की चिठ्ठ्या वर येऊ लागल्या. गिरणीच्या कोपऱ्यावर गाडीखाली सापडलेली माणसे. दोन वर्षांत नऊ. बटणबाई जाऊन पाहून आल्या. गिरणीची भिंत इतकी उंच की वळणापलीकडची गाडी दिसतच नव्हती. त्यांनी नगरपालिकेला एका पानाचा तक्ता पाठवला. भिंत चार फूट उतरवली गेली. पुढल्या वर्षी त्या खणात एकच चिठ्ठी आली, आणि तीही पाय मोडलेल्या माणसाची, जो स्वतः ती चूक दुरुस्त करायला कुबडी टेकत आला होता. "मी मेलेलो नाही," तो हेडक्लार्कना म्हणाला. "लिहून ठेवा."

वर्तमानपत्रात छापून आले. लोक मला पाहायला येऊ लागले. खोटे कशाला सांगू, मला गर्व झाला. बटणबाईंनाही झाला. तरुण होत्या. आकडा म्हणजे हातातला दिवा असे त्यांना वाटे, आणि दिव्याखालच्या अंधाराचा विचार त्या वयात कोण करतो?

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्या गावात बाळंतपणाची दोन ठिकाणे होती. टेकडीवर दगडी इमारतीतले मोठे प्रसूतिगृह, चाळीस खाटांचे. आणि खालच्या आळीत चार खोल्यांचे लहान प्रसूतिगृह. ते एक सुईण चालवी. तिला सगळे मावशी म्हणत. नगराध्यक्षांनी बटणबाईंना विचारले, दोहोंत चांगले कुठले? सोमवारपर्यंत तक्ता द्या.

बटणबाईंनी तीन वर्षांच्या चिठ्ठ्या काढल्या. नोंदवहीत एक रकाना होता: बाईला आधी कुठे नेले होते? पानाच्या पहिल्या ओळीत हेडक्लार्कच्या अक्षरात लिहिलेले असे, 'थेट घरून'. आणि त्याखाली पान संपेपर्यंत एकच शब्द: 'वरीलप्रमाणे'. 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे', जशी काही सगळ्या आळीतल्या बायका एकाच दारातून एकामागून एक निघाल्या होत्या.

त्या दुपारी बटणबाई खालच्या आळीत दगावलेल्या बाळांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन माझ्या शेवटच्या खणावर थांबल्या. मला त्यांच्या हाताची सावली आठवते. आत्यांची चिठ्ठी तिथे अजून चिकटलेली होती, पण खणात बटणबाई पेनाची निबे ठेवीत. निबे काढून दुसरीकडे ठेवायला हवी होती. सोमवार जवळ होता. हात सरकला आणि अख्खा गठ्ठा 'थेट घरून'च्या खणात पडला.

मी गप्प बसले. पेटीने बोलू नये.

तक्ता सुरेख झाला. टेकडीवर दर शंभर बाळंतपणांत दोन बाळे दगावत. खालच्या आळीत नऊ. नऊचा आकडा त्यांनी तांबड्या शाईने काढला. नगराध्यक्ष म्हणाले, "म्हणजे खालचं बंदच करायला हवं." ठराव मांडायचे ठरले.

त्याच वर्षी बायकांना पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहता येऊ लागले. बटणबाईंनी नोकरी सोडली आणि खालच्या आळीतून उभ्या राहिल्या. मला आणि माझ्यातल्या चिठ्ठ्यांना त्यांनी घरी आणले. त्यांचा थोरला भाऊ छापखान्यात अक्षरांचे खिळे खणांतून उचलून जुळवी. तोही एका अर्थी खणांतलाच माणूस. त्याने पत्रके छापली: 'दर शंभरी नऊ! जीव वाचवायचे तर खालचे बंद करा, टेकडीवर चला.' दोन हजार पत्रके घरोघर गेली.

निवडणूक पंधरा दिवसांवर आणि ठराव आठ दिवसांवर असताना एका दुपारी दार वाजले. मावशी सुईण आल्या होत्या. हातात पत्र्याचा डबा. बटणबाई उठून उभ्या राहिल्या.

"बस गं," मावशी म्हणाल्या. "भांडायला नाही आले. भांडायचं असतं तर जेवून आले असते."

वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, चहा ठेवला. मावशींनी तक्त्याचे पत्रक घडी उलगडून मांडीवर ठेवले.

"तू मोजलंस ते खरं. चौपन्न बाळं गेली. माझ्याच हातात गेली. मला त्या दिवसांतला एकेक दिवस आठवतो. पण बटणबाई, माझ्याकडे बायका येतात कुठून, ते कुठं मोजलंस?"

"थेट घरून," बटणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र ठाम नव्हता. मला ऐकू आले.

मावशींनी डबा उघडून माझ्याशेजारी पालथा केला. लहान लहान चिठोऱ्या. प्रत्येकीवर टेकडीवरच्या प्रसूतिगृहाचा शिक्का आणि दोन शब्द: खाट नाही. खाली तारीख. नाव कुठेच नाही.

"बाई अवघड असली की वरून अशी चिठोरी देऊन खाली पाठवतात," मावशी म्हणाल्या. "तीन वर्षांत ऐंशी. टेकडी उतरून येईपर्यंत निम्मा जीव गेलेला असतो. उरलेला माझ्या दारात."

मग चहाचे कप ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "यातली एक माझी असेल."

दादा वळले. "तुझी?"

"धाकटीच्या वेळची. तुम्ही छापखान्यात होता. मी आधी टेकडीवरच गेले होते. खाट नाही म्हणाले. मावशींनी सोडवलं मला."

"मग बोलली का नाहीस कधी?" बटणबाईंनी विचारले.

"अहो वन्सं, मला कुणी विचारलंच नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तर वहीला विचारत होता."

मित्रांनो, बटणबाईंनी त्या क्षणी माझ्या शेवटच्या खणातली निबे ओंजळीत घेतली आणि टेबलावर ओतली. मग 'थेट घरून'च्या खणातून त्या चौपन्न चिठ्ठ्या उचलल्या आणि 'असू दे'मध्ये ठेवल्या. चिठ्ठ्या नीट बसवूनच त्यांनी हात काढला.

दादा म्हणाले, "हे बघ, आधी निवडून ये. मग काय ते दुरुस्त कर. पंधरा दिवसांचा तर प्रश्न."

"ठराव आठ दिवसांत आहे, दादा. तोवर मावशींच्या दाराला कुलूप लागेल."

"आणि दोन हजार पत्रकं? ती काय घरोघर जाऊन परत मागणार?"

"घरोघर तर जायचंच आहे," बटणबाई म्हणाल्या. "चौपन्न घरी."

पुढचे पाच दिवस त्या दोघी चालल्या. मावशी पुढे, बटणबाई मागे. सकाळी माझ्यातून दहाअकरा चिठ्ठ्या जायच्या, संध्याकाळी दिवेलागणीला परत यायच्या. त्यांच्यावर पेन्सिलीने लिहिलेले असे: आधी टेकडीवर गेली होती. किंवा: थेट घरून, खरोखर. वहिनी त्या वाचून दाखवीत आणि खणात लावीत. काही घरांत दार लवकर उघडले नाही. काहींनी पत्रक दाखवून विचारले, "आता कशाला आलात?" बटणबाई फक्त प्रश्न विचारीत आणि ऐकत. एका घरातून त्या परत आल्या तेव्हा बराच वेळ चप्पल न काढता दारातच बसून होत्या. मावशी म्हणाल्या, "उठ. अजून अकरा राहिलीत."

पाचव्या दिवशी हिशोब जुळला. चौपन्नपैकी तेहेतीस टेकडीवरून परत पाठवलेल्या. चौदा खरोखर थेट घरून. आणि सात बायकांचा पत्ताच लागला नाही. घरे बदलली, गाव सोडले, कोणाला काही सांगता येईना.

"सातच तर आहेत," दादा म्हणाले. ते आता वादातून बाहेर पडून मदतीला लागले होते. "त्यांनाही वरच्याच धर. आपल्या बाजूला जोर येईल."

बटणबाईंनी मान हलवली. "एकदा तेच तर केलं मी." आणि त्या सात चिठ्ठ्या शेवटच्या खणात ठेवून दिल्या.

सभेच्या दिवशी मला दादांनी डोक्यावर घेतले. वाटभर कुरकुरत होते, "लोकांच्या बहिणी निवडणुकीला झेंडे घेऊन निघतात, आमची कपाट घेऊन." सभागृह गच्च भरले होते. सतरा सभासद, नगराध्यक्ष, टेकडीवरचे डॉक्टर, मागे कोपऱ्यात आमचे हेडक्लार्क. मला लांब टेबलाच्या टोकाला ठेवले. माझ्यामागे भिंतीवर तो तांबड्या नऊचा तक्ता लटकत होता.

बटणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तक्ता मी केला. तो चुकला आहे."

हशा पिकला. एक जाडजूड सभासद म्हणाले, "बटणबाई, आता कुठलं बटण तुटलं?"

"माझंच," त्या म्हणाल्या. "वरून चौथं. फुगल्यावर तुटतं ते."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो वेगळा होता. त्या गृहस्थांनी नकळत सदरा खाली ओढला.

मग त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर मांडल्या. टेकडीवरून परत पाठवलेल्या बाईचे बाळंतपण टेकडीच्या नावावर धरले, तर टेकडीवर दर शंभरी पाच बाळे दगावतात. खालच्या आळीत तीनसुद्धा नाही. "आणि या सात जणींचं मला माहीत नाही," त्यांनी माझ्या शेवटच्या खणावर हात ठेवला. "त्या सातही मावशींच्या विरुद्ध धरल्या, तरी आकडा चारवर जातो. पाचाच्या खालीच राहतो."

डॉक्टर उठले. "अवघड बाई वाटेत दगावू नये म्हणून आम्ही जवळच्या ठिकाणी पाठवतो."

"डॉक्टरसाहेब, ती तुमच्या दारात उभी असते," मागून मावशींचा आवाज आला. "तुमच्या दाराहून जवळ कुठलं ठिकाण?"

नगराध्यक्षांनी शांतता पुकारली. "पण नोंदवहीत तर स्पष्ट 'थेट घरून' लिहिलंय. सरकारी वही खोटी आणि तुमची बटणांची पेटी खरी?"

तेव्हा कोपऱ्यातून हेडक्लार्क उभे राहिले. त्यांच्या नोकरीची दोन वर्षे उरली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"'वरीलप्रमाणे' माझ्या हातचं आहे," ते म्हणाले. "मी कुणाला विचारलं नाही. बाळ गेल्याची नोंद द्यायला बाप येतो, टेबलाशी उभा राहतो. त्याला आणखी काय काय विचारायचं, असं वाटायचं मला. म्हणून मी वरचंच खाली लिहीत गेलो. मला ती दया वाटत होती."

बटणबाई त्यांच्याकडे वळल्या. "साहेब, तुम्ही विचारलं नाहीत, आणि ते दिसत असून मी ते लपवलं. तुमच्याहून माझी चूक मोठी."

मते घेतली गेली. ठरावाच्या बाजूने आठ, विरुद्ध नऊ. नववा हात त्या जाडजूड सभासदांचा होता. मावशींचे दार उघडे राहिले. टेकडीवरून कोणाला परत पाठवायचे तर चिठोरीवर नाव, वेळ आणि कारण लिहायचे, असाही हुकूम निघाला. नाव लिहावे लागणार म्हटल्यावर टेकडीवर खाटा सापडू लागल्या, आणि वर्षभरात असल्या चिठोऱ्या जवळजवळ बंद झाल्या.

आठवड्याने निवडणूक झाली. बटणबाई एक्केचाळीस मतांनी पडल्या. विरोधकांनी गावभर सांगितले होते, जिला आपलाच तक्ता कळत नाही तिला कारभार काय कळणार? दादा तोंड पाडून बसले. मावशी मात्र चहात बिस्कीट बुडवत म्हणाल्या, "एक्केचाळीसच ना? घाबरू नकोस. पुढच्या खेपेला माझ्या हातची पोरं मत द्यायच्या वयाची होतायत."

तसेच झाले. पुढच्या निवडणुकीला खालच्या आळीतल्या बायका खांद्यावर एकेक बटण टाचून मत द्यायला गेल्या. बटणबाई निवडून आल्या आणि सलग तीन वेळा निवडून आल्या. पहिल्याच सभेत त्यांनी नियम करून घेतला: नगरपालिकेच्या प्रत्येक तक्त्याच्या तळाला एक ओळ असेल, 'माहीत नाही: इतके'. सभासद म्हणाले, आपले अज्ञान आपणच छापायचे? त्या म्हणाल्या, "दुसऱ्याने छापण्यापेक्षा बरं." पुढे आसपासच्या गावांनी ती ओळ उचलली. मोजणी शिकायला दूरदूरहून लोक आले. राजकारण म्हणजे भाषण असे ज्यांना वाटे, ते माझ्यापुढे बसून चिठ्ठ्या लावायला शिकले. भाषणे त्यांनाही करावी लागत, पण आता ती आखूड झाली होती.

मग यंत्रे आली. मूठ फिरवली की करकर आवाज करून बेरीज देणारी. मला नगरपालिकेच्या जिन्याखाली ठेवले. मला वाईट वाटले, पण फार नाही. बटणबाई म्हातारपणी अधूनमधून तिथे येत, वाकून शेवटचा खण तपासीत आणि जात.

एकदा एक पांढऱ्या केसांची बाई त्यांना भेटायला आली. परगावी राहत होती. म्हणाली, "मी ऐकलं, तुम्ही माझ्या घरी येऊन गेला होतात. तेव्हा मी गाव सोडलं होतं." बटणबाईंनी तिला हाताला धरून जिन्याखाली आणले. सातांतली एक चिठ्ठी काढली. नाव वाचले. बाईने मान हलवली. "मी आधी टेकडीवर गेले होते," ती म्हणाली. "माझं कुणी टिपून ठेवलं असेल, असं वाटलं नव्हतं मला." दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग बटणबाईंनी ती चिठ्ठी तिच्या खणात ठेवली. एकतीस वर्षांनी.

बटणबाई गेल्या तेव्हा त्यांचीही नोंद झाली. कारकून तरुण होता. व्यवसायाच्या रकान्याशी अडखळून त्याने विचारले, "काय लिहू? मोजणी की राजकारण?" त्याच्यासमोर उभी होती वहिनींची धाकटी मुलगी, तीच, जी 'खाट नाही'ची चिठोरी घेऊन जन्माला आली होती. ती म्हणाली, "दोन्ही लिहा. रकाना मोठा आहे." ती पुढे तुमच्या शाळेत गणित शिकवायला आली आणि मला सोबत घेऊन आली. आता तीही निवृत्त झाली. नव्या बाईंना माझे काही ठाऊक नाही, यात त्यांचा दोष नाही. कोणी सांगितले नव्हते, त्यांनी विचारले नव्हते. आज मी सांगितले.

मित्रांनो, मला दिवाणखाना नको, काचेचे कपाट नको. खडू ठेवा, टाचण्या ठेवा, सत्तेचाळीस खण तुमचेच आहेत. ओल्या फडक्याने पुसू नका, तेवढे पाहा, माझे सांधे फुगतात. आणि कधी कुठला रकाना भरताना उत्तर ठाऊक नसेल, तर वरचे खाली उतरवू नका. उठा, जाऊन विचारा. विचारूनही कळले नाही, तर तसे लिहा.

उजव्या हाताच्या अगदी खालच्या, दोन बोटे रुंद खणात तुम्ही खडूचे तुकडे भरले आहेत. त्यांच्याखाली सहा चिठ्ठ्या आहेत. अजून कोणी यायचे आहे, किंवा त्यांच्या लेकी, किंवा लेकींच्या लेकी. तेवढे खडू काढा.

चिठ्ठ्या असू द्या.